डोअरपॅडचा बदामी रंग

मित्रांनो, जुन्या मोटारीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून दार ओढलंत की ज्याच्यावर तुमचं कोपर आपसूक टेकतं, तो डोअरपॅड मी. आत पुठ्ठा, त्यावर पातळ स्पंज आणि वर बदामी रेक्झिन, एवढाच माझा जीव. कारखान्यात आम्ही चार भाऊ एकाच ताग्यातून कापले गेलो. ड्रायव्हरचं दार मात्र माझ्या वाट्याला आलं.

आमच्या मालकीणबाई शाळेत शिकवत. नवी गाडी बघायला आलेले पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि "काय मऊ आहे हो!" म्हणत. अंगात मांस नसूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पुढं बावीस वर्षं मी बाईंचं कोपर सोसलं. उन्हानं रंग उडाला, कोपराखाली चीर पडली, स्पंज बाहेर डोकावू लागला. बाईंच्या भावानं त्यावर चिकटपट्टी मारली. त्या अवतारात मी चार वर्षं काढली आणि बाकीचे तिघे भाऊ कुणाचं कोपर न लागता जवळजवळ कोरे राहिले.

शेवटी बाईंनी गाडी रंगवाले काकांकडे आणली. काकांकडे यंत्र नव्हतं. जुना रंग नुसत्या नजरेनं जुळवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. काकू शेजारी बसून त्यांना सामान देत.

काकांनी मला खोलून टेबलावर घेतलं, साबणाच्या पाण्यानं घासलं, चिरेच्या वळलेल्या कडा कापल्या आणि खाली कापडाचा तुकडा चिकटवला. वर पुटीसारखा भरणा पातळ थरांत भरला, गरम हवेनं वाळवला आणि त्यावर रेक्झिनच्या दाण्यांचा ठसा दाबून उठवला. मग हँडलची पट्टी काढली. तिच्याखाली ऊन न लागलेला माझा मूळ रंग होता. तो बघत त्यांनी वाटीत पिवळा, तांबडा, काळा, पांढरा कालवला आणि शेवटी निळ्याचे थेंब टाकले. "जमला," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

जमला नव्हता, मित्रांनो. चांगलाच राखाडी झाला होता. काका गेले त्या दाराकडे काकूंनी पाहिलं, पिवळ्याचे सहा थेंब वाटीत टाकले आणि भराभर ढवळू लागल्या. हात सराईत होता. तेवढ्यात रुमाल विसरला म्हणून काका परत फिरले.

"काय करतेस?"

काकूंनी पिवळ्याची बाटली मागं सरकवली.

"कधीपासून?"

"वर्ष होईल. तुम्हाला निळा नीट दिसत नाही हो. मोतीबिंदू असेल. पण सांगितलं तर तुम्ही ब्रश खालीच ठेवाल, म्हणून भीती वाटली."

"म्हणजे सगळ्यांनी वाखाणलेली डॉक्टरांची ती निळी गाडी?"

"तीसुद्धा मीच."

"आणि मी वर्षभर कॉलर ताठ करून हिंडतोय!"

काका स्टुलावर बसले. चाळीस वर्षं याच नजरेवर त्यांचं नाव चाललं होतं. एरवी मला माणसांचं फारसं काही वाटत नाही, पण तेव्हा वाईट वाटलं. वाटीतल्या रंगावर साय धरू लागली. मग काकांनी रंग ढवळून वाटी काकूंपुढे धरली.

"बघून सांग. अजून किती?"

"एकच थेंब. तांबडा."

काकांनी रंगाचे तीन पातळ हात दिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला उन्हात धरून पाहिलं. पट्टीखालचा रंग कुठं संपतो, ते त्यांना कळेना.

"काका, तुमच्या नजरेला तोड नाही!"

काकांना हसून वेळ मारून नेता आली असती. काकूंनी तर मान खालीच घातली होती.

"नजर हिची," काका म्हणाले. "मला सोमवारी डोळे दाखवायला जायचंय."

मित्रांनो, गाडी सावलीत लावा, आम्हाला ओल्या फडक्यानं पुसत जा आणि चीर लहान असतानाच कारागिराला दाखवा. आणि घरात कुणाला कमी दिसू लागलं असेल, तर वर्षभर थांबू नका. रागावतील, बोलणार नाहीत. तरी सांगा.