शंभर टक्के हजेरी

दुपारी समितीसमोर उभं राहायचं होतं आणि आकडेबाईच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. आरोग्य खात्यात सगळे तिला आकडेबाईच म्हणत. आतड्याच्या कॅन्सरसाठी पन्नाशीपुढच्या लोकांची कोणती तपासणी करावी, हे तिच्या मॉडेलवरून ठरणार होतं. संगणकात तिने दहा लाख खोटी माणसं वसवली होती. ती म्हातारी होत, आजारी पडत, मरत. तपासणी बदलली की त्यांतली किती वाचतात ते ती मोजत असे. आतड्यात कॅमेरा घालून केलेली तपासणी घरच्या घरी करायच्या शौचाच्या चाचणीपेक्षा सरस ठरली होती. साहेब खूश होते.

कोटाची बाही उसवली म्हणून ती वाटेत थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, शिवणाच्या दुकानात शिरली. खात्याने आधी दोन्ही तपासण्या थोड्या लोकांवर करून पाहिल्या होत्या. त्यात ताईला कॅमेऱ्याचं बोलावणं आलं होतं आणि आकडेबाईने हात धुऊन मागे लागून तिला जायला लावलं होतं.

"नीट उभी राहा गं, सुई टोचेल," ताई म्हणाली.

"ताई, ते आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध प्यायला कसं होतं? कोणी विचारलं तर सांगता यायला हवं."

"काही नाही गं. गोड होतं, सरबतासारखं."

आकडेबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ते औषध तिने एकदा हट्टाने चाखलं होतं. एक घोट घेतला आणि शिसारी आली, इतकं खारट.

"ताई, तू गेलीच नव्हतीस."

ताईने दाताने दोरा तोडला. "बरं, नाही गेले. दिवसभर संडासात बसायचं, दुसऱ्या दिवशी परक्यांसमोर... शी! आणि दुकान काय तुझा संगणक चालवणार होता? तू डोकं खाल्लंस म्हणून थाप मारली."

"तुला काही त्रास नाही ना?"

ताईने मशीनचं चाक उगाच फिरवलं. "मधूनमधून रक्त जातं. मूळव्याध असणार. बैठं काम माझं."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू टक्के सांगत बसली असतीस."

हे फार लागलं, कारण खरं होतं. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावून ताईच्या कॅमेऱ्याच्या तपासणीसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. ताई नुसतं "बघू" म्हणाली. त्या "बघू"ने आकडेबाईचा जीव टांगणीला लागला.

ऑफिसात तिने मॉडेल पुन्हा उघडलं. तिची खोटी माणसं फार गुणी होती. बोलावलं की झाडून सगळी येत. सगळे येतात असं धरूनच तुलना करायची, ही त्यांच्या कामातली जुनी रीत. तिने ती मोडली आणि प्रत्यक्षात जितके लोक आले तितकीच हजेरी घातली. निकाल उलटला. घरची चाचणी जास्त जीव वाचवत होती, कारण ती लोक करत होते.

"ऐन वेळी हे काय काढलंत?" समितीच्या बैठकीत साहेब सर्वांसमोर कडाडले. "लोकांना बोलावू, लोक येतील. न यायला काय झालं?"

"साहेब, तुम्ही स्वतः गेलात त्या तपासणीला?"

साहेब पाण्याचा ग्लास शोधू लागले.

समितीने घरच्या चाचणीच्या बाजूने कौल दिला. लोकांनी अभिनंदन केलं, पण तिचं लक्ष लागेना. ज्याला रक्त जातं त्याला घरची चाचणी पुरत नाही. ताईला कॅमेराच हवा होता. आणि दहा लाखांचं भाकीत करणाऱ्या बाईला एक ताई जाईल की नाही, ते सांगता येत नव्हतं. तो आठवडा तिने जेवणावरून अर्धवट उठत, फोनकडे बघत काढला.

तपासणीच्या आदल्या दुपारी फोन वाजला. ताई भांडणाच्या सुरात ओरडत होती.

"अगं, हे किती खारट आहे!"

आकडेबाई ऑफिसच्या जिन्यावरच मटकन बसली. डोळ्यांतलं पाणी कोणी बघतंय का, याची तिला फिकीर नव्हती.

"सगळं पी," ती म्हणाली. "मी निघालेच."