डाव्या कानात सांगितलेलं

मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. अजिबात. लहानपणी कान फुटला, वाहत राहिला आणि गेला तो गेलाच. लोक म्हणतात, या कानानं ऐकावं आणि त्या कानानं सोडून द्यावं. माझ्याकडे ती सोयच नाही. आत गेलेलं आतच राहतं, म्हणून तर डोकं कायम तापलेलं असतं माझं.

हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. एक आई, ती गेली. दुसरी माझी धाकटी बहीण. गिऱ्हाइकांना मी कधी पत्ता लागू दिला नाही. माप एक सांगायचं आणि शिवून दुसरंच यायचं, अशी भीती बसली तर दुकानात येईल कोण? त्यामुळे डावीकडून कोणी बोललं की मी आपली मान हलवून "हं" म्हणते. बहुतेकदा भागतं. एकदा एका बाईंनी डावीकडून सांगितलं, "घोट्यापर्यंतच ठेवा, गुडघ्यापर्यंत नको." मला त्यातलं 'गुडघ्यापर्यंत' तेवढं ऐकू आलं. मी "हं" म्हटलं आणि चांगली नवी पँट गुडघ्यात कापून ठेवली. बाई आल्या तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण धाकटीनं त्यांना आरशासमोर उभं करून असं काही पटवलं, की त्या आणखी एक तशीच पँट शिवायला टाकून गेल्या!

अशी ती. रस्त्यानं चालताना न सांगता माझ्या उजवीकडे यायची. कुठे कार्यक्रमाला गेलो तर आधी माझी खुर्ची बघायची. मला काही सांगायचं असलं की मशीन थांबेपर्यंत थांबायची, खांद्याला हात लावायची, मग बोलायची. एवढं तर मला माझ्या नवऱ्यानंही जपलं नाही. त्याला तर अजून वाटतं, मी मुद्दाम दुर्लक्ष करते. कधीकधी करतेही, ते वेगळं.

दुकान आमचं दोघींचं. ती कापणार, मी शिवणार. भाड्याची जागा दोघींच्या नावावर, त्यामुळे सोडायची तर दोघींचा होकार लागतो. पण सोडायची कशाला? मला दुसरं येतं काय? त्या दाराच्या आत मी कोणीतरी आहे. बाहेर मी नुसती एक चिडकी बाई आहे.

परवा सकाळी मी एका कोटाला अस्तर लावत बसले होते. धाकटी बटणं आणायला गेली होती. तेवढ्यात जागेचे मालक आले, बरोबर एक चष्मेवाला. त्यानं खिशातून टेप काढला आणि सरळ माझ्या भिंतीचं माप घ्यायला लागला.

"अहो, काय चाललंय हे?" मी विचारलं.

"इथे काचेचं कपाट बसेल का, बघतोय," चष्मेवाला म्हणाला. बिचारा हसत होता, त्याला काय माहीत.

मालक गोंधळले. "ताई, पुढच्या महिन्यापासून जागा यांना देतोय ना. तुमची बहीण येऊन सांगून गेली. म्हणाली, ताईला विचारलंय, ती हो म्हणाली."

"मी? मी कधी हो म्हणाले?"

"आता ते तुम्ही दोघी बघा बाई," असं म्हणून मालकांनी चष्मेवाल्याला दंडाला धरून बाहेर नेलं. माझी सुई बोटात शिरली होती, ते मला नंतर कळलं.

धाकटी आली. माझं तोंड बघूनच तिला समजलं. बटणांची पुडी तिनं टेबलावर ठेवली आणि उभी राहिली.

"मी हो कधी म्हणाले?" मी विचारलं.

"मागच्या आठवड्यात. मी तुला सगळं सांगितलं. मला कपड्यांच्या कारखान्यात कटिंगचं काम मिळालंय, आपण जागा सोडूया, म्हटलं. तू 'हं' म्हणालीस."

"मी काय करत होते तेव्हा?"

"ओव्हरलॉकवर होतीस." आमचं ते मशीन सुरू झालं की शेजारचा दुकानदारही फोन घेऊन रस्त्यावर जातो.

"आणि तू? तू कुठे होतीस?"

तिनं नुसतं इस्त्रीच्या टेबलाकडे बघितलं. ते टेबल माझ्या डाव्या हाताला आहे.

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे. माझा बहिरा कान तिच्या भरवशावर मी जन्मभर उघडा टाकला होता आणि तिनं तिथूनच आत शिरून माझं दुकान काढून घेतलं. कुंपणानंच शेत खाल्लं. मग मी जे तोंड सोडलं, ते लिहिण्यासारखं नाही. विश्वासघातकी म्हटलं. कपटी म्हटलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असंही म्हटलं. एरवी या म्हणीवर आम्ही दोघी हसलो असतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या उजवीकडे स्टूल ओढून बसली.

"ताई, उजव्या कानात मी दोनदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "आठवतं? मला इथे कंटाळा येतो म्हटलं. तू म्हणालीस, आधी ती कॉलर काप, मग कंटाळ. दुसऱ्यांदा मी रडले होते. तू म्हणालीस, अगं थकलीयेस, दोन दिवस झोप काढ. तुला ऐकू आलं होतं, ताई. तू ऐकलं नाहीस."

"मग जायचं होतंस तू! दुकान कशाला बुडवलंस माझं?"

"दुकान राहिलं की तू हाक मारणार. सीझन आलाय, चार दिवस ये. हात दुखतोय, एवढं कापून दे. आणि तू हाक मारलीस की मी येणार. मी ओळखते ना स्वतःला." तिनं बटणांची पुडी माझ्याकडे सरकवली. "मला तुझ्यापासून सुटायचं होतं."

एवढं स्वच्छ मला कोणी कधी ऐकवलं नव्हतं.

"मी मालकांना सांगणार आहे," शेवटी म्हटलं. "माझा होकार नाही. जागा मी सोडत नाही."

"सांग."

"आणि हे तू मला तोंडावर सांगितलं असतंस ना, तर मी भांडले असते, रडले असते, पण तुला जाऊ दिलं असतं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "खरं सांग, ताई. दिलं असतंस?"

मला हो म्हणायचं होतं. "नाही," मी म्हणाले. "नसतं दिलं."

तिनं मान हलवली. आपली मोठी कात्री एका कापडात गुंडाळून पिशवीत घातली आणि गेली. मी हाक मारली नाही.

मालकांना मी सांगून आले. दुकान राहिलं. कापायला माणूस शोधतेय. तिचं म्हणणं खरं होतं, ते मी कोणालाही सांगेन, तिलाही सांगेन. मी ऐकत नाही, मान्य. पण माझा तो कान तिनं वापरायला नको होता. दुसऱ्या कोणीही वापरला असता तर मी चार शिव्या देऊन विसरले असते. तिनं वापरायला नको होता.