कंट्रोलची डिश

लाल ठिपक्याची डिश तिने सूक्ष्मदर्शकाखालून काढली, तळ पुसला आणि पुन्हा तिथेच ठेवली. पडद्यावर पुन्हा तेच आलं. पेशींच्या केंद्रकाला चिकटून हिरवे गोळे बसले होते, कालच्याइतकेच उजळ.

पेशी निरोगी असत्या तर आज त्यांचा मागमूसही राहिला नसता. पेशीतल्या एका प्रथिनाला एकदाच चमकणारी खूण लावायची, उरलेला रंग धुऊन टाकायचा आणि ते कुठे जातं, किती टिकतं ते पाहत बसायचं, एवढंच तिचं काम. निरोगी पेशीत ते कडेपर्यंत पोहोचतं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत झिजून जातं. तिच्या आईच्या पेशींत ते वाटेतच अडकतं आणि जागचं हलत नाही. आईला हल्ली स्वतःची बटणं लावता येत नाहीत, ते यापायीच.

टेबलावर तीन डिश होत्या. एक आईची, एक धाकट्या भावाची आणि तिसरी कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी निरोगी माणसाची. तो निरोगी माणूस म्हणजे ती स्वतःच होती. घरचा कंट्रोल नको, असं प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं होतं. पण आईचे हात ज्या वयात थरथरू लागले ते वय तिने केव्हाच ओलांडलं होतं, आणि एकाच घरच्या पेशींसारखी तुलना नाही, असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. सरांनी तिच्यापुढे हात टेकले. दंडावरचा कातडीचा तुकडा तिने हसत हसत काढून घेऊ दिला होता.

मोजणाऱ्याने आपल्या सोयीचं पाहू नये म्हणून कोणती डिश कोणाची हे त्याला कळू द्यायचं नाही, अशी तिथली रीत. झाकणांवर नेलपॉलिशचे ठिपके लावायचं काम शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं. तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. कोणता रंग कोणाचा हे ती लिहूनही ठेवत नसे. लिहिलं तर तू हुडकून काढशील, म्हणायची.

निळ्या डिशमध्ये गोळे होते. लालमध्ये गोळे होते. पिवळी तेवढी साफ होती.

गोळ्यांची एक डिश आईची, हे उघड होतं. दुसरी एक तर भावाची, नाही तर तिची. भावाच्या बायकोला सातवा महिना होता आणि तो सकाळपासून फोनची वाट पाहत होता. भावाचीच असू दे, असं तिच्या मनात आलं. आलं ते आलंच, आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने पडदा बंद केला.

ठिपकेबाई हातमोजे काढत आली. डिशची अदलाबदल झाली असेल का, असं तिने दोनदा विचारलं. ठिपकेबाईने दोन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून ती शेजारी बसली.

"सांगू का?"

"पिवळी कोणाची तेवढंच सांग."

"तुझ्या भावाची. निळी आईची."

तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. थरथरत होते का, ते तिला पाहायचं नव्हतं. भावाला फोन मात्र तिने लगेच लावला.

"ताई, झालं?"

"झालं. तुझ्या पेशी साफ आहेत."

पलीकडे त्याने बायकोला हाक मारली, मग नाक ओढलं, आणि मग तो उगाचच हसत सुटला. लहानपणी ताप उतरला की असाच हसायचा.

"आणि तो तुझा निरोगी माणूस कोण होता गं? त्याला माझ्याकडून जेवण, सांग."

"आहे एक, इथेच कामाला. सांगते."

तिने फोन ठेवला. ठिपकेबाई निळी आणि लाल डिश कचऱ्याच्या पिशवीकडे नेत होती. मोजणी संपली की डिश टाकूनच देतात. तिने उठून लाल डिश तिच्या हातातून घेतली, झाकण नीट बसवलं आणि उबेच्या कपाटात आतल्या बाजूला सरकवली.

"आता काय उपयोग तिचा?" ठिपकेबाई हळूच म्हणाली.

"असू दे. जगतायत अजून."