विचारायची खूण

बनुबाईचं बोलणं घरात मला एकटीलाच कळतं, असं गावात सगळे म्हणतात, आणि हे कौतुक मीही इतकी वर्षं मिरवत आले. बनुबाई माझी थोरली नणंद. जन्मापासून मुकी-बहिरी. शाळेत कुणी घातलं नाही, लग्न कुणी करून दिलं नाही. नात्यानं ती माझी वन्सं. पण जिला ऐकूच येत नाही तिला वन्सं म्हणून करायचं काय, असं म्हणत लग्नाच्या पहिल्या वर्षातच मी तिला अगं-तुगं करायला लागले. तिला कुठं कळत होतं?

सासरे गेले आणि सातबाऱ्यावर दोन नावं चढली, आमच्या ह्यांचं आणि बनुबाईचं. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात. भावानं साडीचोळी करायची, बहिणीनं आपला वाटा त्याच्या नावे सोडायचा आणि माहेर टिकवायचं. मीही माझ्या भावांना करून दिलंच की! मला कुणी विचारलं होतं? त्यामुळे ह्यात काही वावगं आहे असं मला मुळीच वाटत नव्हतं.

कराडच्या नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी मात्र बनुबाईचा अंगठा घेतला नाही. कागदात काय लिहिलंय ते ह्या बाईंना कळलंय का, असं त्यांनी विचारलं. कोर्टात बायकांना आणि अपंगांना फुकट वकील मिळतो, त्या वकिलानं समजावून सांगितल्याचं लिहून आणा, मग बघू, म्हणाले. आमचे हे, हंबीरराव, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. त्यांना कुणी थांबवलेलं खपत नाही. कोर्टात जाईपर्यंत त्यांच्या कपाळावरची शीर काही खाली बसली नाही.

"आत तू जा तिच्यासंगं," ते मला म्हणाले. "ती काय बी खुणावंना, तू आपलं व्हय म्हनायचं. ध्यानात आलं?"

"आलं की. एवढं कळतंय मला."

विधी सेवा समितीच्या खोलीत एक तरुण वकीलबाई बसली होती. प्राची चौगुले, सांगलीकडची. तिनं ह्यांना गोड बोलून बाहेरच बसवलं. मला खुर्ची दिली आणि बनुबाईलाही दिली. बनुबाई काही बसेना. शेवटी मी खुर्चीकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठं कडेला टेकली.

"काकू, यांना सांगा, निम्मी जमीन त्यांच्या मालकीची आहे."

मी बनुबाईकडे वळले. पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवई उडवली. म्हणजे, जेवायला जायचं? सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं जोरजोरात मान हलवली.

"ठावं हाय म्हनती," मी म्हणाले.

"आणि या कागदावर अंगठा दिला की तो वाटा भावाचा होईल, परत मिळणार नाही. हे त्यांना मान्य आहे का?"

मी पुन्हा तीच खूण केली. तिनं पुन्हा मान हलवली, ह्या खेपेला हसून.

"व्हय, मान्य हाय म्हनती."

सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

वकीलबाई लिहिता लिहिता थांबली. तिनं एकदा बनुबाईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आता मान हलवून भागणार नाही असं काहीतरी विचारू. त्यांना विचारा, तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

मी हात उचलला, आणि तो तसाच राहिला.

भांड्यांची खूण मला येते, तळव्यावर तळवा घासायचा. म्हशीची येते, कपाळाशी दोन बोटं. पाणी आण, सरपण आण, झाडून काढ, ऊठ, गप बस, सगळं येतं. पाहुणे आले की मागच्या दारी जाऊन बस, ह्याचीसुद्धा खूण आहे, आणि ती तर माझीच. पण तुला काय हवंय? डोकं खाजवून खाजवून थकले, ती सापडेना. बरं वाटतंय का, ही नव्हती. आवडलं का, ही नव्हती. एवढ्या वर्षांत आमच्या घरात कुणाला तिची गरजच पडली नव्हती. मला तिची भाषा येते म्हणून मी गावभर मिरवत होते, आणि मला येत होते ते नुसते हुकूम.

"काय झालं, काकू?"

माझे कान तापले. "मॅडम, ते न्हाई इचारता येत."

"का?"

"तशी खूनच न्हाई आमच्यात."

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं, मी चार शब्द उलट ऐकवले असते. तिनं पेन खाली ठेवलं, बनुबाईसमोर वाकली, तिच्याकडे बोट केलं आणि दोन्ही तळवे उघडून भुवया वर केल्या. तुम्हाला काय? लहान लेकरालाही जमेल इतकी सोपी खूण. ती मला का सुचली नव्हती?

बनुबाईनं तिचे हात पाहिले. मग मान वळवून मागं पाहिलं, ही कुणाला विचारतेय म्हणून. मागं नुसती भिंत होती.

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मला त्या खुर्चीत कळलं.

"मॅडम, तुमी लिवलंय ते खोडा," मी म्हणाले. "मी जमिनीचं तिला काय बी इचारलं न्हाई. जेवायला जायचं का, म्हनून इचारत हुते. दोन्ही बारीला."

तिनं सगळ्या ओळींवर रेघ मारली. मूकबधिरांच्या शाळेतल्या एका बाईंना पुढच्या तारखेला बोलावते, म्हणाली. एका बैठकीत होणार नाही, वेळ लागेल. तोवर अंगठा कुठंही घेऊ नका, काकू. तिनं अजूनही मला काकूच म्हणावं, ह्याची मला जास्तच लाज वाटली.

बाहेर हे वाट पाहत होते. "झालं का?"

"न्हाई झालं. म्याच होऊ दिलं न्हाई."

"डोकं फिरलंय व्हय तुजं?"

"फिरलंय. आता घरी जाऊन काय ते बोला."

ते तडक पुढं निघून गेले. स्टँडवर आल्यावर मी फडकं सोडून बनुबाईला भाकरी दिली आणि ती खाईपर्यंत शेजारी बसून राहिले. हे लांब पानटपरीपाशी पाठ करून उभे होते.

तिचं खाऊन झाल्यावर मी तिच्याकडे वळले. तिच्याकडे बोट केलं, तळवे उघडले, भुवया वर केल्या. "काय पायजे तुमास्नी, वन्सं?" तोंडानंही म्हणाले, ऐकू जाणार नाही हे माहीत असून.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. तिचा चेहरा घाबरा झाला. मग ती गडबडीनं उठली, पिशवी खांद्याला अडकवली, पाण्याची बाटली काखेत मारली, आणि कुठलं काम सांगितलंय ते न कळून माझ्या बोटाकडे बघत उभी राहिली.