अर्धी पुडी

सुमित्राबाईच्या घरी कुठलीही गोष्ट पुरी वापरली जात नसे. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटायची, फाटक्या जाळ्याचा दोर कपडे वाळवायला लागायचा, आणि डॉक्टरनं सात दिवसांच्या गोळ्या दिल्या की त्या तिसऱ्या दिवशी बंद व्हायच्या. "बरं वाटून राहिलं ना? मंग कायले गिळतेस? ठेव, कामी येतील." उरलेल्या गोळ्या फडताळावरच्या बिस्किटाच्या डब्यात जायच्या. त्यावरून बाईशी वाद घालायची घरात कोणाची टाप नव्हती.

त्याच डब्यात माशांच्या औषधाच्या पुड्याही असत. बोदलकसाच्या मोठ्या तलावाच्या खालच्या अंगाला गावची बोडी, म्हणजे पावसाचं पाणी अडवलेला लहानसा तलाव, आठ बायांच्या बचत गटानं मासे पाळायला घेतली होती, आणि सुमित्राबाई गटाची अध्यक्ष. माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले की तिरोड्याहून पुडी आणायची, पिठात कालवून पाण्यात टाकायची. दुकानदार सांगायचा, पुरी टाका, आणि पुढच्या खेपेला विचारायचा, पुरी टाकली का अर्धी. बाई अर्धी टाकायची आणि उरलेल्या पुडीला रबर लावून ठेवायची. पाच वर्षं मासे जगले होते, तेव्हा तिला खोटं पाडणार कोण? खरं सांगायचं तर शहाणपणाची गुर्मी दारूच्या गुर्मीपेक्षा वाईट. ती सकाळी उतरत नाही.

गेल्या भादव्यात कुडव्याची स्नेहल गावात आली. माशांवर संशोधन करणारी सव्वीस वर्षांची पोरगी, स्कूटीमागे बर्फाचा डबा बांधलेला. तिनं मासा ओल्या फडक्यावर निजवला, त्याच्या पाठीवरची बुळबुळीत चिकटाई चमच्यानं हलकेच खरडून काचेच्या नळीत भरली आणि मासा पुन्हा पाण्यात सोडला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. जी चिकटाई काढायला राख चोळून चोळून त्यांचे हात झिजले, ती ही पोरगी बर्फात घालून नेत होती.

"मावशी, माशाचं औषध माशाच्याच अंगावर असते," स्नेहल म्हणाली. "या चिकटाईत प्रथिनांचे बारके तुकडे असतात. पेप्टाइड म्हणतात त्यांना. ते जंतूच्या कातड्यालाच भोकं पाडतात. तुमच्या पुड्यांना जंतू आता जुमानत नाहीत, पण यांच्यापुढं टिकणं त्यांना जड जाते. आम्ही तसेच तुकडे बनवून खाद्यात मिसळलेत."

बोडीत तिनं जाळीचे दोन पिंजरे रोवले. एकातल्या माशांना तिचं खाद्य, दुसऱ्यातल्यांना साधं. अट एकच होती, चार महिने बोडीत एकही पुडी पडायची नाही. "आणि अर्धी तर कधीच नको, मावशी. अर्ध्या पुडीनं दुबळे जंतू मरतात आणि दांडगे उरतात. मग सगळी पिलावळ त्या दांडग्यांचीच."

"नाई टाकत वं माय," सुमित्राबाई म्हणाली, आणि त्या घडीला तिच्या मनातही तसंच होतं.

दिवाळी सरली आणि मासे पोट वर करून काठाला लागू लागले. दोन्ही पिंजऱ्यांतल्या माशांवर चट्टे उठले. स्नेहल म्हणाली, आठ दिवस धीर धरा. पण गटातल्या बाया रोज सकाळी काठावर येऊन मेलेल्या माशांकडे आणि मग सुमित्राबाईकडे बघायच्या. ती नजर तिला सोसेना. पाचव्या दिवशी ती तिरोड्याला गेली. दुकानदारानं फळीमागून एक नवी पुडी काढली, वर कोंबडीचं चित्र. "जुन्या आता चालत नाहीत, बाई. ही कोंबड्यांची आहे, पण जालीम. कुठं बोलू नका."

दुसऱ्या दिवशी बोडीवर धुकं असतानाच तिनं पीठ कालवलं. अर्धी पुडी. मूठ मूठ करून तिनं ते पाण्यावर फेकलं. पिठाचा पांढरा तवंग हळूहळू पिंजऱ्यांकडे सरकला आणि जाळीतून आत गेला. तिनं तो जाताना पाहिला. आता पाण्याला कोणी कुंपण घालते का, असं स्वतःलाच सांगून तिनं हात धुतले.

आठवड्याभरात स्नेहलच्या पिंजऱ्यातले चट्टे पुसट झाले. पोरीचा आनंद गगनात मावेना. "मावशी, लागू पडलं!" साध्या पिंजऱ्यातले मासेही थोडे सावरले होते. ते का, हे तिला कळेना, म्हणून वहीत तिनं तिथं प्रश्नचिन्ह काढलं. सांगायची वेळ तीच होती. सुमित्राबाई मूग गिळून बसली.

पुढच्याच बाजारासाठी बोडीतले मासे निवडताना सुनेला, दुर्गेश्वरीला, सिंगी माशाचा काटा लागला. अंगठ्याच्या बुडाशी, खोल. तिरोड्याच्या बाजारात तिच्याइतका झरझर मासा कापणारा हात दुसरा नव्हता, आणि सिंगीनं डंख मारलेला नाही असा हातही त्या बाजारात नव्हता. कोणी मनावर घेतलं नाही. गावच्या डॉक्टरनं सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सूज उतरली.

"माय, डॉक्टर तं पुऱ्या घे म्हणे," दुर्गेश्वरी म्हणाली.

"डॉक्टरचं का जाते म्हणायले? आण इकडं."

गोळ्या डब्यात गेल्या. सहाव्या दिवशी हात कोपरापर्यंत फुगला, अंगठा काळा पडला, ताप चढला आणि दुर्गेश्वरी आपल्याच नवऱ्याला, उमेंद्रला, ओळखेना. उमेंद्रनं तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. तिथं अंगठा कापावा लागला. पण ताप काही उतरला नाही.

"रिपोर्ट चांगला नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पाण्यातला जंतू आहे, आणि नेहमीचं एकही औषध त्याला लागत नाही. असा जंतू तुमच्या खेड्यात आला कुठून?" उमेंद्रला काहीच माहीत नव्हतं. सुमित्राबाईनं पदर आवळून घेतला. "आता एकच इंजेक्शन उरलं आहे. ते तरी लागू पडते की नाही, याची तपासणी यायला दोन दिवस लागतील. तेवढं थांबता येणार नाही. आत्ताच सुरू करतो."

स्नेहल भेटायला आली तशी सुमित्राबाईनं तिला व्हरांड्यात ओढलं. "पोरी, तुयं ते माशाचं औषध दे. मासे वाचले ना? मंग माई सून काऊन नाई वाचत?"

स्नेहलचे डोळे भरून आले. "मावशी, माणसाच्या रक्तात ते काय करीन, कोणालाच माहीत नाही. अजून लई वर्षं लागतील. आधी बोडीतला निकाल पक्का ठरू द्या, मग पुढचं. तेवढा निकाल तरी आपल्याजवळ खरा आहे. तुम्ही शब्द पाळला म्हणून."

सुमित्राबाईला वाटलं, पोरीनं आपल्याला भर व्हरांड्यात मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारच्या गाडीनं ती सुनेचे कपडे आणायला घरी आली. पिशवीत इंजेक्शनचा रिकामा खोका होता. दुर्गेश्वरीच्या खाटेजवळ पडला होता, चांगला जाड होता, सुया ठेवायला होईल म्हणून तिनं सवयीनं उचलला होता. सून मरणाच्या दारात आणि हिचा जीव खोक्यात! पण सवय ती सवय. तिनं फडताळावरचा डबा काढला आणि झाकण उघडलं.

वरच ती कोंबडीची पुडी होती, रबर लावलेली.

सातवीपर्यंत शिकलेल्या सुमित्राबाईला इंग्रजी अक्षरं एकेक करून ओळखता येत. तिनं खोका पुडीशेजारी धरला. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. तेच होतं. दुसरं तेच. ती शेवटपर्यंत गेली, मग भिंतीला टेकून पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. एकही अक्षर वेगळं नव्हतं. फक्त खोक्यावर कोंबडी नव्हती.

तिनं फोन लावला. "स्नेहल, म्या बोडीत पुडी टाकली होती. दिवाळीच्या मांगं. तुयाबी पिंजऱ्यात गेली." तिनं पुडी हातात घेतली. "अन् दुर्गाले जे इंजेक्शन देऊन राहिले ना, त्या पुडीवर तेच नाव आहे."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"मावशी," स्नेहलनं विचारलं, "पुरी टाकली होती का अर्धी?"

दुकानदार हाच प्रश्न विचारायचा, तेव्हा ती मान वर करून उत्तर द्यायची. आता तिची नजर हातातल्या पुडीवरून, त्या रबरावरून हलेना.

"अर्धी," ती म्हणाली.

"मी डॉक्टरांना सांगायला चालली," एवढंच स्नेहल बोलली. तेवढ्यात मधूनच दुसरा फोन वाजू लागला. दवाखान्यातून उमेंद्र करत होता. सुमित्राबाईनं तो उचलला नाही.