बेपत्ता न्यूट्रॉन आणि म्हातारी टाकी

मित्रांनो, डोंगराखालच्या बोगद्यात बसून राहिलेली मी एक म्हातारी टाकी. पोटात तेलासारखा द्रव, आतल्या भिंतींवर बारीकशी चमकही टिपणारे डोळेच डोळे.

अणूच्या केंद्रात न्यूट्रॉन नावाचे कण दाटीवाटीने नांदतात. काही जाणत्यांना शंका आली, की यातला एखादा कोणाला न सांगता कृष्णद्रव्य होऊन जात असावा. कृष्णद्रव्य म्हणजे विश्वात भरून राहिलेलं, पण कोणालाच न दिसणारं काहीतरी. घरातून माणूस गुपचूप निघून गेला, तरी मागे गडबड उडतेच ना? तसंच मागे उरलेलं केंद्र थरथरेल आणि द्रवात चमक उठेल. ती पकडण्यासाठी माझा जन्म.

वर्षानुवर्षं काही दिसलं नाही. पाहुणे म्हणायचे, "एवढी टाकी, आणि प्यायला घोटभर पाणी नाही." फक्त बाई, माझ्या प्रमुख शास्त्रज्ञ, येता-जाता झाकणावर मायेनं थोपटायच्या.

प्रयोगशाळेचे साहेब मला मोडीत काढायला निघाले, आणि त्याच आठवड्यात चमकाच चमका. मी फुगले. साहेबांनी लगेच वार्ताहर बोलावले.

आमच्या तंत्रज्ञांना सगळे शंकासुर म्हणत. ते माझ्याजवळ उभे राहून म्हणाले, "बाई, हे न्यूट्रॉन कामाच्या वेळातच कसे पळतात? सुट्टीला एकही नाही."

"शिस्तीचे असतील." पण बाई हसल्या नाहीत.

"खोलीतला दिवा मालवून बघू?"

"चमका थांबल्या, तर ही भंगारात जाईल. ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर विचारतोय. नाहीतर मीच मालवला असता."

बाई दिव्याच्या बटणापाशी गेल्या. मग त्यांनी स्वतःच्या हातानं दिवा मालवला.

माझ्या पोटात मिट्ट काळोख. थोपटून थोपटून झाकणाची उजेड अडवणारी काळी पट्टी सुटली होती. फटीतून उजेड आत येत होता, आणि मी खुळी त्याला कृष्णद्रव्याची खूण समजत होते.

"माझेच लाड नडले," बाई म्हणाल्या.

"पुढच्या टाकीला पायाशी थोपटा," शंकासुर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वार्ताहरांना सांगितलं, "काही दिसलं नाही. न्यूट्रॉन असे जात असतील, तर फार क्वचित जातात, एवढं मात्र कळलं." वार्ताहर चहा पिऊन गेले. साहेब चहाही न पिता गेले.

आता माझे डोळे काढून नव्या टाकीला बसवणार आहेत. शंकासुर त्याला नेत्रदान म्हणतात.

मित्रांनो, एवढंच मागते. शोधून रिकाम्या हातानं परतलेल्याला हिणवू नका. त्याला बसायला सांगा, पाणी द्या आणि विचारा, "कुठे कुठे पाहिलंस?" म्हणजे पुढच्याला तेवढी जागा सोडून शोधता येईल.