फावड्याच्या दांड्याने पाहिलेली चूक

मी एक जुना लाकडी दांडा आहे. मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, हा काय सांगणार आपली कर्मकहाणी! खरं आहे. मी जेमतेम वीतभर लांब. एक टोक बारीक, दुसरं जाड, आणि अंगावर ग्रीसचे असे डाग की धुऊन जात नाहीत.

मूळचा मी फावड्याचा दांडा. फावडं मोडलं तेव्हा गॅरेजच्या मिस्त्रीने मला चुलीत घातलं नाही. शेजारच्या सुताराकडे नेऊन वीतभर कापून, यंत्रावर कातून घेतलं. मिस्त्रीची मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. तिने पायरीवर बसून मला पॉलिश पेपरने घासलं. घासताना ती मधूनच मला गालाला लावून बघायची, गुळगुळीत झालो की नाही ते. तेव्हापासून माझा जीव तिच्यावर.

माझं काम थोडक्यात सांगतो. छोट्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध उघडून त्याचे दोन भाग करावे लागतात. इंजिनाच्या चाकावर नवी प्लेट ठेवायची आणि वरून झाकण बोल्टने आवळायचं. पण बोल्ट घट्ट होईपर्यंत प्लेट मोकळी असते, केसभर जरी खाली सरकली तरी पुढे गिअरबॉक्सचा लोखंडी दांडा तिच्या भोकात शिरत नाही. म्हणून तिथे मला घालतात. माझं बारीक टोक चाकाच्या बेअरिंगमध्ये, जाड अंग प्लेटच्या भोकात. मी दोघांना एका रेषेत धरून ठेवतो. सहाही बोल्ट आवळले की मला काढून घेतात.

मिस्त्रीचे दोन नियम होते. सहा बोल्ट घट्ट झाल्याशिवाय दांडा काढायचा नाही. आणि ट्रॅक्टरचे दोन भाग हाताने जुळले पाहिजेत, बोल्ट आवळून ओढायचे नाहीत. "हातानं जात नसेल तर उघड परत. लाज वाटायचं कारण नाही," असं ते मुलीला सांगायचे. आई नसलेली ती पोर बापाच्या हाताखाली शिकली आणि बाविसाव्या वर्षी अशी तयार झाली की मी तिच्या हातात असताना आपोआप सरळ व्हायचो. लोक कौतुक करायचे. मिस्त्री वरून "हं, ठीक आहे" म्हणायचे आणि मागे जाऊन गालात हसायचे. मी त्यांच्या खिशात असायचो, मला सगळं कळायचं.

मग तो दिवस आला. हंगाम तोंडावर, दारात चार ट्रॅक्टर उभे, मिस्त्रीचं डोकं तापलेलं. मुलीने एका फळबागवाल्या काकूंच्या ट्रॅक्टरची प्लेट बसवली, मला घातलं आणि बोल्ट नुसते बोटांनी फिरवले. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली.

"बाबा, बोल्ट अजून ढिले आहेत हं. दांडा काढू नका, मी आलेच," ती म्हणाली.

"हं," मिस्त्री म्हणाले. पण लक्ष कुठे होतं? ते पाना घेऊन बसले. मी मध्ये येत होतो, म्हणून त्यांनी मला खस्सकन उपसलं. प्लेट सरकली. मला ते जाणवलं, मित्रांनो, पण मी लाकूड, ओरडणार कसा? बोल्ट आवळून झाल्यावर त्यांना मुलीचं बोलणं आठवलं. त्यांनी मला परत घालून पाहिलं. मी जाईना. ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि त्यांनी मला खिशात टाकलं.

दोन भाग जुळवायची वेळ आली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, हातानं जात नाहीये. उघडू या का परत?"

"वेळ आहे का? घे बोल्टनं ओढून."

तिने ओढलं. बापाचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी प्लेटचा मधला भाग फाटला आणि ट्रॅक्टर बागेतच बसला. काकू तणतणत आल्या. गॅरेजमध्ये पाच-सहा माणसं उभी होती. "कुणी बसवली होती हो ही प्लेट?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "पोरीनं."

कुणीतरी हसलं. "तरीच!"

मुलीने हातातला पाना खाली ठेवला. "माझंच चुकलं असणार," ती हळूच म्हणाली. प्लेट आपल्याकडूनच वाकडी बसली असं तिला खरंच वाटलं, बाप खोटं बोलेल हे तिच्या मनातच आलं नाही. संध्याकाळी तिने एप्रन खिळ्याला लावला तो कायमचा. महिन्याभरात ती दुसऱ्या गावी कापडाच्या दुकानात मीटरने कापड मोजायला लागली. तिथेच तिचा संसार झाला.

मिस्त्री रोज स्वतःशी म्हणायचे, उद्या सांगतो. दर रविवारी तिचा फोन यायचा. ते मला मुठीत फिरवत बोलायचे. "बरी आहेस ना? जेवलीस का?" एवढंच. फोन ठेवला की मला टेबलावर आपटायचे, जणू मीच काही केलं होतं. अशी अकरा वर्षं गेली.

आणि एका सकाळी त्यांचं उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. मुलगी धावत आली. मिस्त्रींनी डाव्या हाताने, मी पडलो होतो त्या खिडकीकडे खूण करून मला मागून घेतलं. रिकाम्या पेल्यात मला उभं केलं, झटकन बाहेर ओढलं आणि माझं टोक स्वतःच्या छातीवर आपटलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा ओढलं, पुन्हा छातीवर. मी, मी, मी काढला! याहून स्पष्ट ते काय सांगणार?

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, माझ्यामुळे तुमचं नाव गेलं, ते अजून सलतंय ना? माफ करा मला."

मिस्त्री जिवाच्या आकांताने छाती बडवू लागले. ती घाबरली. "छातीत दुखतंय का? थांबा, डॉक्टरांना आणते!" आणि ती धावली.

चौथ्या दिवशी ते गेले.

आख्ख्या गॅरेजमधून तिने फक्त मला उचलून आणलं. आता मी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो. परवा तिच्या लेकीने मला हातात घेतलं. "आई, हे काय गं?"

"आजोबांचं आहे ते, ठेव जागेवर," ती म्हणाली. "त्या कामात मी एकदा फार मोठी चूक केली होती."

मित्रांनो, अवजारं नीट पुसून ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. चूक झाली तर त्याच दिवशी सांगून टाका, तोंड शाबूत असेपर्यंत. आणि कधी तिच्या दारावरून गेलात तर आत जा. तिला म्हणावं, तुझी प्लेट बरोबर बसली होती.